दगडाची चव, तिसऱ्यांचं पाणी आणि म्युस्काडे

गोव्यात वाइन म्हटलं की अजून बऱ्याच जणांना पोर्टच आठवते, लाल, गोड, नाताळात केकबरोबर येणारी. पांढरी मागितली तर दुकानदार एकतर गोडसर काहीतरी काढतो नाहीतर ओकच्या पिंपात मुरवलेली जाडजूड शार्डने. ज्याला जे आवडतं ते त्याने प्यावं, पण ज्या किनाऱ्यावर रोज मुडदुशी, तिसऱ्या, कालवं, शिनाणे खाल्ले जातात तिथे म्युस्काडे नावाची वाइन जवळजवळ कुणाला माहीतच नाही हे मला मनापासून खटकतं, म्हणून ही पोस्ट. लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट आधी. म्युस्काडेचा मस्कट किंवा मोस्कातोशी काहीही संबंध नाही. ती गोड आणि घमघमणारी. ही पूर्ण कोरडी, अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास, रंगाला जवळजवळ पाणी, आणि वास इतका बेताचा की पहिल्या घोटाला लोक ग्लासकडे बघतात आणि विचारतात यात नक्की आहे काय? आहे. थोडं थांबावं लागतं, आणि बरोबर मासे लागतात.

पश्चिम फ्रान्समध्ये लुआर नदी अटलांटिकला मिळायच्या थोडं आधी नाँत हे शहर लागतं. शहराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला बुटक्या टेकड्या आहेत, त्यातून सेव्र आणि मेन अशा दोन छोट्या नद्या वाहतात, आणि त्यांच्यावरूनच म्युस्काडे सेव्र ए मेन हे नाव पडलं. १९३६ सालापासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. समुद्र जवळ असल्यामुळे हवा ओलसर, पाऊस बऱ्यापैकी, ऊन सौम्य. द्राक्षाची जात एकच, मेलॉन द बूर्गोन्य. म्हणजे मूळची बरगंडीची, शार्डनेची सख्खी भावंड. दोघांचे आईबाप एकच, पीनो आणि गूए ब्लाँ या द्राक्षाच्या जाती, हे १९९९ साली डीएनए तपासणीत सिद्ध झालं. शार्डने जगभर गेली, मोठी झाली, मेलॉन मात्र नाँतच्या आसपासच राहिली. ती तिथे टिकली कशी याची गोष्ट मला फार आवडते. १७०९ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये भयंकर थंडी पडली, त्या भागातल्या बहुतेक वेली मेल्या, आणि जी जात थंडी सोसून उभी राहिली ती मेलॉन. मग लोकांनी तीच लावली. त्यात डच व्यापाऱ्यांचाही हात होता, त्यांना ब्रँडी गाळायला हलकी पांढरी वाइन ढिगाने हवी असायची. म्हणजे चवीसाठी कोणी निवडलेली नाही ही जात, ती जगली म्हणून राहिली.

माझी ताई आणि भाओजी नाँतला असतात, त्यामुळे माझं हे वेड. सुट्टीला येताना ती दोघं ड्यूटी न भरता माणशी दोन लिटरपर्यंत आणू शकतात, म्हणजे दोघांच्या मिळून पाच बाटल्या आरामात बसतात, आणि त्या पाच कोणत्या याची चर्चा आमच्याकडे महिनाभर आधी फोनवर सुरू होते. आई म्हणते मुलगी येणार त्यापेक्षा बाटल्या येणार याचा आनंद याला जास्त. गेल्या खेपेला मी तिला एकाच घरच्या, म्हणजे एकाच वाइन बनवणाऱ्याच्या, दोन बाटल्या सांगितल्या होत्या. दोमेन द लेक्यू. एक ग्रॅनाइट, एक ऑर्थोनाइस. हो, वाइनचं नावच दगडाचं.

लेक्यू हे ल लांद्रो नावाच्या गावात, नाँतहून साधारण वीस किलोमीटरवर. तिथला शेतकरी गी बोसार. बाकी सगळे रासायनिक खतं आणि तणनाशकं मारत होते त्या १९७० च्या दशकात या माणसाने सेंद्रिय शेती धरली, नंतर त्याच्याही पुढे जाऊन बायोडायनॅमिक (अख्खं शेत एकच जिवंत गोष्ट मानून करायची शेती), आणि घोड्याने नांगरट. म्युस्काडेमध्ये ही साधी गोष्ट नाही. तिथे द्राक्षं बहुतेक ठिकाणी मशीनने तोडतात, वाइन स्वस्त विकली जाते, त्यामुळे हाताने तोडणी आणि घोड्याची नांगरट म्हणजे पदरचे पैसे घालणं. १९९१ साली एप्रिलमध्ये दव गोठून पीक गेलं, भाव चढले, गिऱ्हाइकं तुटली, आणि पुढची कित्येक वर्षं म्युस्काडे म्हणजे सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरची आंबट वाइन अशीच ओळख राहिली. खूप जणांनी वेली उपटून टाकल्या. अशा दिवसांत बोसारने ठरवलं की आपल्या जमिनीत वेगवेगळे दगड आहेत तर त्यांची द्राक्षं मिसळायची नाहीत, प्रत्येक दगडाची वाइन वेगळी भरायची. नाइस (दाबाने बदललेला, पट्ट्यापट्ट्यांचा दगड), ऑर्थोनाइस, ग्रॅनाइट. द्राक्ष तेच, माणूस तोच, तळघर तेच, बदलतो फक्त पायाखालचा दगड. आता बोसार निवृत्त झालाय आणि घर फ्रेड निजेच्या हातात आहे, त्याने बरेच नवे प्रयोग केलेत पण दगडांची नावं तशीच ठेवली.

या भागाखालचा दगड म्हणजे आर्मोरिकन मासिफ, एका अतिप्राचीन डोंगररांगेची झिजून उरलेली मुळं, तीस कोटी वर्षं आणि त्याहूनही मागची. ग्रॅनाइट म्हणजे खोल जमिनीत सावकाश थंड झालेला शिलारस. ऑर्थोनाइस म्हणजे मुळात ग्रॅनाइटच, पण डोंगर उभे राहताना दाबाने आणि उष्णतेने पिळून निघालेला, त्यातले कण एका दिशेला ओळीने लागलेले दिसतात. आपल्याकडे चिरा एवढा डोळ्यासमोर असतो की गोवा म्हणजे जांभाच असं वाटतं, पण काणकोणला गेलात किंवा चंद्रनाथच्या डोंगरावर चढलात तर तिथे ग्रॅनाइट आहे, हात लावून बघता येतो. मी मुद्दाम गेलो होतो. खडबडीत, कणीदार, उन्हात लवकर तापणारा.

आता मुद्द्याचं. या वाइनबद्दल वाचलंत तर मिनरल, मिनरल, मिनरल हा एकच शब्द. ओल्या दगडाची चव, गारगोटी, समुद्राचा खारेपणा. आणि मग लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो वेलीची मुळं दगडात जातात, खनिजं शोषतात, तीच चव ग्लासात उतरते. दुसरा म्हणतो सगळी थापेबाजी आहे, महाग विकायचे धंदे. माझ्या मते दोघंही अर्धवट आहेत.

दगड ग्लासात उतरत नाही हे खरंच आहे. वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ अलेक्स माल्टमन यांनी हे वर्षानुवर्षं समजावून सांगितलंय. मुळं दगड चाटत नाहीत, ती पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम वगैरेंचे आयन घेतात, तेही बरेचसे मातीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले, आणि वाइनमध्ये ते शेवटी इतके थोडे उरतात की जिभेला कळणं कठीण. शिवाय ग्रॅनाइटला स्वतःला वास नाही, चव नाही. चंद्रनाथवर मी ते करूनही बघितलं, जीभ लावली, काही नाही, नुसती धूळ.

मग ओल्या दगडाचा वास म्हणतो तो येतो कुठून? हे आपल्याला गोव्यात वेगळं सांगायला नको. जूनच्या पहिल्या सरीला तापलेल्या चिऱ्यावरून जो वास सुटतो तो चिऱ्याचा नसतोच. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की कोरड्या दिवसांत झाडापाल्यातली तेलं दगडमातीवर बसतात आणि पाण्याचा थेंब पडला की ती हवेत उडतात. शिवाय त्या वासात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्यही असतं. म्हणजे दगडाचा म्हणून आपण जो वास घेतो तो जिवंत गोष्टींचा वास आहे, दगड फक्त तो धरून ठेवतो.

वाइनमध्येही तसंच काहीतरी आहे, फक्त जास्त गुंतागुंतीचं. दगड ठरवतो पाणी किती टिकणार, जमीन वसंतात किती लवकर तापणार, मुळांना किती खोल जागा मिळणार. ग्रॅनाइटवर माती पातळ, पाणी झरकन निघून जातं, वेल जास्त पाला काढत नाही, द्राक्षं लहान. तिथून थोड्याच अंतरावर गोर्ज गावात गॅब्रो नावाचा काळपट दगड आहे, तो झिजून चिकणमाती होते, ती गार आणि ओली राहते, द्राक्ष उशिरा पिकतं, आंबटपणा जास्त टिकतो. म्हणजे चवीत फरक पडतो तो दगडामुळेच, पण आडवाटेने, पाण्याच्या आणि उन्हाच्या वाटेने. आणि हा फरक जाणवायला द्राक्ष गप्प बसणारं लागतं. मेलॉनला स्वतःचा मोठा सुगंध नाही म्हणूनच हे जमतं, इथे मस्कट लावली असती तर दगडबिगड काही कळलं नसतं.

दुसरा मोठा वाटा यीस्टचा. द्राक्षाचा रस आंबून वाइन झाली की मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, गाळ. बाकी ठिकाणी वाइन त्यावरून काढून घेतात. इथे वाइन हिवाळाभर त्याच गाळावर ठेवतात, हलवत नाहीत, आणि थेट तिथून बाटलीत भरतात, पुढच्या वर्षीच्या १ मार्चच्या आधी भरायला कायद्याने बंदी आहे. बाटलीवर सूर ली लिहिलेलं असतं ते हेच. लाकडी पिंपं बहुतेक नाहीतच, जमिनीखाली बांधलेल्या टाक्या असतात, आतून काचेच्या फरशांनी मढवलेल्या. ताई आत जाऊन बघून आली, म्हणाली, "अरे वर नुसती फरशी आणि गोल झाकणं दिसतात, पायाखाली सगळी वाइन आहे हे सांगितल्यावर कळलं." गाळ हळूहळू विरघळतो, वाइनला थोडं अंग येतं, आणि आत राहिलेल्या किंचित गॅसमुळे जिभेच्या टोकाला बारीक चुणचुण लागते.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सक्सिनिक अॅसिडची. रस आंबताना यीस्ट हे अॅसिड तयार करतं, त्याची चव आंबट, जरा खारट, मागे थोडी कडवट. काही अभ्यासकांनी वाइनमधल्या त्या खारट दगडी चवीचा संबंध याच अॅसिडशी जोडलाय. आणि हेच सक्सिनिक अॅसिड शिंपल्यातल्या माशांमध्ये भरपूर असतं, तिसऱ्यांची ती खास चव आहे ना, तिच्यात याचा मोठा वाटा आहे. म्हणजे शिंपले आणि म्युस्काडे चांगली लागते असं नाँतचे लोक पिढ्यान्पिढ्या म्हणत आलेत त्यामागे नुसती सवय नाही, खरोखर एकच चव दोन्हीकडे आहे.

हे वाचल्यावर मला राहवेना. फोंड्याच्या बाजारात सकाळी गेलो, तिसऱ्यांचा वाटा लावून एक मावशी बसली होती, मी एकेक उचलून बघायला लागलो तर म्हणाली, "ताज्यो आसात रे, आताच हाडल्यात." घरी आणून मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवल्या, वाळू सोडली. आई नेहमीप्रमाणे आडोळी (विळी) घेऊन बसायला निघाली होती, ओलं खोबरं, तिरफळं सगळं काढून ठेवलेलं, मी म्हटलं आज अर्ध्या मला दे, मसाला नको. जाड बुडाच्या टोपात ठेचलेली लसूण, चमचाभर तेल, तिसऱ्या, वर झाकण, पाण्याचा थेंब नाही. पाच मिनिटांत सगळ्या उघडल्या. तळाशी त्यांचं स्वतःचं पाणी सुटतं ना, गढूळसर, निळसर राखाडी, ते आम्ही वाटीत काढलं.

मग ग्रॅनाइट. ग्लासात ओतल्यावर पहिल्यांदा काहीच नाही, मग लिंबाच्या सालीचा हलका वास, त्याच्या मागे हिरवट काहीतरी, कच्च्या सफरचंदाच्या जवळपास. घोट घेतला की सरळ रेघ, कुठे फुगत नाही, गोडाचा मागमूस नाही, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना खारेपणा उरतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मग तिसऱ्यांचं पाणी चमचाभर, मग परत वाइन. दुसऱ्या घोटाला तो खारेपणा कुठे संपला आणि कुठे सुरू झाला कळेना. ताई मला म्हणाली बघ आता, आणि भाओजी, जे एरवी बिअरच्या पलीकडे जात नाहीत, त्यांनी वाटीच तोंडाला लावली.

ऑर्थोनाइस वेगळी निघाली. तीच घडण, पण मधे थोडी गोलाई, पेअरसारखं काहीतरी, खारेपणा आहे पण शेवटी न येता सुरुवातीपासूनच पसरलेला. भाओजींना हीच जास्त आवडली, मला ग्रॅनाइट. डोळे मिटून दिली तर वेगळं सांगता येईल का? आम्ही करून बघितलं, ताईने ग्लास अदलाबदल करून ठेवले, आणि दोन्ही ओळखता आल्या, भाओजींनासुद्धा. एका घरात जेवणाच्या टेबलावर केलेली ही गोष्ट म्हणजे शास्त्र नव्हे, पण त्या दिवसापासून हे सगळं थापेबाजी आहे असं कोणी म्हटलं की मी त्याला दोन ग्लास समोर ठेवायचं आमंत्रण देतो.

आपल्या जेवणात ती कुठे बसते ते आता. मुडदुशी रवा लावून तळलेली, डोळे झाकून. कालवं नुसती हळद-मीठ लावून परतलेली, अप्रतिम. तिसऱ्यांचं सुकं खोबऱ्याचं असलं तरी चालतं, तिखट कमी हवं. बांगड्याच्या हुमणाबरोबर नको, चिंच-आमसुलाचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणावर चढतो आणि वाइन पाणचट लागते, मिरचीने तर अजूनच. शाकुती आणि रेशाद मसाल्याजवळ नेऊच नका, तिथे उराक (काजूची हलकी दारू) किंवा बिअरच बरी. आणि सोलकढी पिताना ग्लास बाजूला ठेवा, दोन्हीवर अन्याय होतो.

फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतू नका हे पण सांगतो. चार डिग्रीला सगळी चव बंद होते, नुसता गारवा आणि आंबटपणा. दहा-बारा डिग्रीला ती बोलायला लागते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो, म्हणून थोडी थोडी ओतायची आणि बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत. विकत घेताना खिडकीत उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. मला एका दुकानातून (नाव सांगत नाही) मोठी किंमत मोजून घेतलेली फ्रेंच वाइन घरी येऊन उघडली तर करपलेल्या सफरचंदासारखी लागली होती, बूच वर सरकलेलं होतं. म्हणून मागच्या खोलीतली, एसीतली बाटली मागा, बूच बाटलीच्या तोंडाशी सपाट आहे ना ते बोटाने बघा, फुगून वर आलं असेल तर परत द्या.

आणि ही फक्त ताजी ताजी प्यायची वाइन आहे हा समजही जुना झाला. २०११ पासून काही गावांच्या नावाने वेगळा दर्जा द्यायला लागलेत, आधी क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले, नंतर अजून गावं आली. क्लिसाँ आणि गोर्जच्या वाइनला निदान २४ महिने गाळावर ठेवावं लागतं. क्लिसाँ म्हणजे तेच गाव जिथे दर जूनमध्ये हेवी मेटलचा प्रचंड मोठा हेलफेस्ट भरतो, ग्रॅनाइटच्या वेलींच्या शेजारी. आणि ल पाले हे बाराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ आबेलारचं जन्मगाव. अशी गावं, आणि वाइनची किंमत मात्र तिथे बरगंडीच्या तुलनेत फारच कमी, चांगल्या बाटल्यासुद्धा सामान्य माणसाला परवडणाऱ्या. ज्या शेतकऱ्यांनी तिथे चिकाटीने वेली ठेवल्या त्यांना याहून जास्त मिळायला हवं असं मला वाटतं.

ताई डिसेंबरात येतेय. या वेळी गोर्ज सांगितलंय, गॅब्रोवरची, जरा जुनी मिळाली तर उत्तम. नाताळाच्या आठवड्यात कालवं मिळाली तर तीच करायची, नाहीतर शिनाणे. गोव्यात कोणाकडे म्युस्काडे असेल, किंवा पणजी-मडगावकडे कुठे नीट ठेवलेली मिळत असेल, तर खाली सांगा, मी बादली आणि बर्फ घेऊन येतो.